बटण कोणी दाबले? फोनवरील फसवणूक आणि जबाबदारीची वाटणी

आसाममधील एका बँक ग्राहकाने ऑनलाइन मागवलेला ब्लेझर परत करायचे ठरवले. ही ऑक्टोबर २०२१ची गोष्ट. त्याला एक फोन आला. बोलणाऱ्याने आपण त्या कपड्यांच्या कंपनीच्या ग्राहकसेवेतून बोलत असल्याचे सांगितले आणि पैसे परत मिळण्यासाठी मोबाइलवर एक ॲप उतरवून घ्यायला लावले. पाहता पाहता खात्यातून ९४,२०४ रुपये गेले. ग्राहकाने चोवीस तासांच्या आत बँकेला कळवले. बँकेने हात वर केले: ओटीपी आणि पिन वापरूनच व्यवहार झाले, तेव्हा दोष तुमचा. प्रकरण गौहाती उच्च न्यायालयात गेले आणि तिथून दिल्लीला. ३ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्टेट बँकेची याचिका फेटाळली आणि ग्राहकाची रक्कम परत करण्याचा निर्णय कायम राहिला.

याच्या शेजारी आता एक नमुना प्रसंग ठेवू. तो कोणा एका व्यक्तीचा नाही, पण वर्तमानपत्र उघडणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा आहे. निवृत्त शिक्षिकेला व्हिडिओ कॉल येतो. पडद्यावर पोलिसी गणवेश दिसतो. ‘तुमच्या आधार क्रमांकावर पाठवलेल्या पार्सलात अमली पदार्थ सापडले आहेत, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केली आहे, कोणाशी बोलू नका.’ तीन दिवस त्या घराबाहेर पडतात त्या फक्त बँकेत जाण्यासाठी. तिथे त्या मुदत ठेव मोडतात, आरटीजीएसच्या अर्जावर स्वतः सही करतात आणि ‘चौकशी संपेपर्यंत’ ती रक्कम एका ‘सरकारी’ खात्यावर पाठवतात. त्यांचे पैसे परत मिळतील का? आजच्या नियमांनुसार बहुधा नाही.

दोघेही फोनवरच्या थापांना बळी पडले आणि दोघांचेही पैसे अनोळखी खात्यांत गेले. फरक एवढाच की पहिल्या प्रकरणात ‘व्यवहार ग्राहकाने केला नाही’ असे म्हणता आले. दुसऱ्यात ते म्हणता येत नाही. आपल्याकडील जबाबदारीची सारी वाटणी ‘बटण कोणी दाबले’ या एका प्रश्नावर उभी आहे. या प्रश्नाचे उत्तर आता जवळजवळ नेहमी ग्राहकाच्या विरोधात जाते, कारण भामट्यांनी आपला सारा धंदा ग्राहकाकडूनच बटण दाबून घेण्यावर बेतला आहे.

नुकसान किती मोठे आहे, हे केंद्रीय गृहमंत्रालयाने संसदेत दिलेल्या आकड्यांतून दिसते. सायबर फसवणुकीत देशातील नागरिकांनी २०२३मध्ये सुमारे ७,४६५ कोटी रुपये गमावले. २०२४मध्ये ते २२,८४५ कोटींवर गेले. एका वर्षात तिप्पट. शिवाय हा आकडा फक्त नोंदवलेल्या तक्रारींचा आहे.

सहीचा जुना न्याय

बँक आणि खातेदार यांच्या नात्यातला मूळ नियम सोपा आहे. खातेदाराच्या आदेशाशिवाय बँकेने त्याचा पैसा कोणाला द्यायचा नाही. चेकवरची सही हा तो आदेश. सही बनावट असेल तर आदेशच नाही, आणि आदेश नसताना बँकेने पैसे दिले तर ते तिने स्वतःच्या खिशातून दिले असे कायदा मानतो. बनावट सही हुबेहूब होती, कारकून फसला, या सबबी चालत नाहीत.

या नियमाची ताकद १९८७च्या एका निकालात दिसली. एका कंपनीच्या हिशेबनिसाने बनावट सह्या करून ४२ चेक वटवले आणि सव्वातीन लाखांवर रक्कम काढली. कॅनरा बँकेचे म्हणणे असे, की कंपनीने आपले पासबुक वेळच्या वेळी तपासले असते तर चोरी लवकर उघडकीस आली असती. तेव्हा हा निष्काळजीपणा तिचाच. सर्वोच्च न्यायालयाने ते मानले नाही. पासबुक न तपासणे एवढ्यावरून ग्राहकाचा हक्क बुडत नाही, असे न्यायालयाने ठरवले.

पुढे सहीची जागा पिन आणि ओटीपी यांनी घेतली आणि या न्यायाचा पाया हळूच सरकला. सही बनावट आहे की खरी, हे तपासता येते. ओटीपीला मात्र हस्ताक्षर नसते. तो मालकाने टाकला काय, भामट्याने विचारून घेऊन टाकला काय किंवा मोबाइलमध्ये शिरलेल्या ॲपने परस्पर वाचला काय, बँकेच्या संगणकाला तो सारखाच दिसतो. बनावट सहीचा धोका बँकेचा होता. चोरलेल्या ओटीपीचा धोका नकळत ग्राहकाच्या अंगावर येऊन पडला.

२०१७चे परिपत्रक काय सांगते

ही स्थिती सावरण्यासाठी रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी एक परिपत्रक काढले. अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी कुठवर, हे त्यात ठरवून दिले आहे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांनाही तसेच नियम लागू झाले. नागरी सहकारी बँकांचे दाट जाळे असलेल्या महाराष्ट्रासाठी ही गोष्ट महत्त्वाची आहे.

परिपत्रकाने तीन कप्पे केले. पहिला, चूक किंवा त्रुटी बँकेची. इथे ग्राहकावर काहीच जबाबदारी नाही; त्याने तक्रार केली असो वा नसो. दुसरा, चूक बँकेचीही नाही, ग्राहकाचीही नाही, व्यवस्थेत तिसरीकडेच कुठेतरी आहे. इथे वेळ महत्त्वाची. बँकेकडून व्यवहाराची सूचना आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले तर ग्राहकाचे नुकसान शून्य. चार ते सात दिवस लावले तर ठरावीक मर्यादेपर्यंत भार त्याच्यावर. साध्या बचत खात्याला ही मर्यादा दर व्यवहारामागे १०,००० रुपये. सात दिवसांनंतर बँकेचे संचालक मंडळ जे धोरण ठरवेल ते. तिसरा कप्पा ग्राहकाच्या निष्काळजीपणाचा, उदाहरणार्थ त्याने आपला पिन किंवा ओटीपी दुसऱ्याला सांगणे. इथे बँकेला कळवेपर्यंतचे सारे नुकसान ग्राहकाचे; कळवल्यानंतर जे होईल ते बँकेचे.

याखेरीज दोन कलमे ग्राहकाने पाठ करून ठेवावीत अशी आहेत. तक्रार मिळाल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची आणि नव्वद दिवसांत तक्रारीचा निकाल लावायचा. आणि ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. ‘ओटीपी वापरला गेला, म्हणजे तुम्हीच सांगितला असणार’ हा पुरावा नव्हे, हा नुसता तर्क आहे.

मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२४मध्ये एका प्रकरणात हेच परिपत्रक बँकेसमोर ठेवले. १ ऑक्टोबर २०२२ रोजी एका कंपनीच्या बँक ऑफ बडोदामधील खात्यातून ७६,९०,०१७ रुपये परस्पर वळते झाले होते. पैसे घेणाऱ्यांची नावे खात्याला जोडली गेली, पण त्यासाठी ग्राहकाकडे ओटीपी आलाच नव्हता. तक्रार त्याच दिवशी झाली. बँकिंग लोकपालांनी ती फेटाळली होती. उच्च न्यायालयाने लोकपालांचा आदेश रद्द केला आणि सहा आठवड्यांत पूर्ण रक्कम परत करण्याचा हुकूम दिला.

हे निकाल दिलासा देणारे आहेत, पण त्यांचा आवाका ओळखून घेतला पाहिजे. आसामच्या प्रकरणातही सर्वोच्च न्यायालयाने ग्राहकांना बजावले, की ओटीपी कोणाला सांगू नका. काही परिस्थितींत जबाबदारी ग्राहकावरही येऊ शकते. सारे परिपत्रक ‘अनधिकृत’ या शब्दावर उभे आहे. आपल्या नमुना प्रसंगातल्या शिक्षिकेने स्वतः सही केली. म्हणून तो व्यवहार ‘अधिकृत’ ठरतो आणि परिपत्रकाच्या तिन्ही कप्प्यांबाहेर पडतो.

संमती कशी उपटली जाते

‘सुशिक्षित माणसे फसतातच कशी?’ हा प्रश्न आपण सहज विचारतो. त्यामागे असे गृहीत असते, की फसणारा माणूस शांतपणे विचार करून चुकीचा निर्णय घेतो. प्रत्यक्षात या फोनची सारी रचना विचाराला सवड मिळू नये अशीच असते. आधी भीती किंवा घाई निर्माण करायची: वीज तोडली जाईल, केवायसी संपली, मुलाला अटक झाली. मग अधिकाराचा देखावा: गणवेश, शिक्का, खटल्याचा क्रमांक. मग माणसाला एकटे पाडायचे: फोन ठेवू नका, घरच्यांना सांगू नका. त्यातच फुटलेल्या माहितीतून मिळालेला पत्ता किंवा आधार क्रमांक ऐकवला, की उरलीसुरली शंकाही संपते.

हे फोन करणारे सारे स्वखुशीने करतात असेही नाही. म्यानमार, कंबोडिया आणि लाओसमधील बंदिस्त वसाहतींत नोकरीच्या आमिषाने नेलेले भारतीय तरुणही अडकले होते. त्यांतल्या अनेकांची सरकारला सुटका करावी लागली. झारखंडमधल्या जामताड्यापासून सुरू झालेला हा धंदा आता देशोदेशी पसरलेला उद्योग झाला आहे. अशा उद्योगासमोर एकट्या माणसाला उभे करून ‘सावध राहा’ म्हणणे हा सल्ला म्हणून ठीक आहे, पण ती जबाबदारीची न्याय्य वाटणी नाही.

दोष ग्राहकावर ढकलण्याचा आणखी एक परिणाम होतो, आणि तो थेट भामट्यांच्या पथ्यावर पडतो. फसलेल्याला लाज वाटते. तो घरी सांगत नाही, बँकेत जायला कचरतो. या गुन्ह्यात पैसा परत मिळण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच जास्त असते, आणि ते तास नेमके या लाजेत जातात.

पैशाच्या वाटेवरची दारे

फोन वाजल्यापासून पैसा हातचा जाईपर्यंत वाटेत बरीच दारे असतात, आणि प्रत्येक दारावर कोणीतरी पहारेकरी नेमलेला असतो.

पहिले दार दूरसंचार कंपनीचे. खोट्या कागदांवर सिम कोणी दिले? परदेशातून आलेला कॉल भारतीय क्रमांकाचा मुखवटा घालून आत कसा आला? असे कॉल अडवणारी यंत्रणा दूरसंचार विभागाने ऑक्टोबर २०२४मध्ये सुरू केली. म्हणजे हे दार बंद करता येते.

दुसरे दार ग्राहकाच्या स्वतःच्या बँकेचे. वर्षानुवर्षे पेन्शन आणि वीजबिल याखेरीज हालचाल नसलेल्या खात्यातून एका दुपारी मुदत ठेव मोडून लाखो रुपये अनोळखी खात्यावर जात असतील, तर हा बदल टिपण्याइतकी माहिती बँकेकडे असते. कर्ज किंवा विमा विकायचा असतो तेव्हा हीच माहिती बारकाईने वाचली जाते.

तिसरे दार सर्वांत महत्त्वाचे, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. ते म्हणजे पैसा ज्या खात्यात गेला त्या खात्याची बँक. चोरलेली रक्कम हवेत विरत नाही. ती आधी कोणत्यातरी बँकेतल्या, केवायसी झालेल्या खात्यातच जमा होते. ही भाड्याची खाती, बँकांच्या भाषेत म्यूल खाती. कोणी विद्यार्थी, मजूर किंवा बेकार तरुण काही हजारांसाठी आपले पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम देऊन टाकतो; कुठे कागदोपत्री दुकान दाखवून चालू खाते उघडले जाते. एरवी शे-दोनशे रुपये असलेल्या खात्यात अचानक लाखो येतात आणि काही मिनिटांत दहा खात्यांत फुटतात. हे ज्या बँकेच्या संगणकावर घडते, तिला ते दिसू शकते. फसलेल्या ग्राहकाला ते दिसण्याचा काही मार्गच नाही.

रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांत याची दखल आहे. एखादे खाते म्यूल असल्याचे सिद्ध झाले आणि बँकेने संशयास्पद व्यवहाराचा अहवाल दिलेला नसेल, तर बँकेने निर्देश पाळले नाहीत असे धरले जाते. पण ही चूक बँक आणि नियामक यांच्यातली राहते. दंड झालाच तर तो नियामकाकडे जातो. ज्याचा पैसा त्या खात्यातून गेला, त्याला या कलमातून एक रुपयाही मिळत नाही. शिवाय ग्राहकाचे त्या परक्या बँकेशी काही नातेच नसल्याने, दाद कोणाकडे मागायची हाही प्रश्नच.

या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रात एकदा मिळालेले आहे. माहिती-तंत्रज्ञान कायद्याखाली राज्याचे माहिती-तंत्रज्ञान सचिव न्यायनिर्णय अधिकारी म्हणून भरपाईचे दावे ऐकतात. २०१३मध्ये पुण्यातील एका उद्योगाचा दावा तत्कालीन सचिव राजेश अग्रवाल यांच्यापुढे आला. फसवणूक फोनवरून नव्हे, बनावट ईमेलमधून झाली होती आणि पंजाब नॅशनल बँकेतील खात्यातून ८०.१० लाख रुपये गेले होते. अग्रवाल यांनी बँकेला ४५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. ईमेलला उत्तर दिल्याबद्दल काही भार तक्रारदारावर टाकला. पण फसवणुकीसाठी उघडलेल्या खात्यांची नीट तपासणी न केल्याबद्दल मोठा भार बँकेवर ठेवला. दोष कुणाचा, या प्रश्नाला ‘दोघांचा, आपापल्या वाट्याइतका’ असे उत्तर देता येते, हे त्या आदेशाने दाखवले.

तीन देश, तीन उत्तरे

ब्रिटनमध्ये हा पेच अगदी ठळकपणे समोर आला. एका दांपत्याने भामट्यांच्या सांगण्यावरून सात लाख पौंड स्वतः परदेशी पाठवले आणि बँकेने आपल्याला रोखायला हवे होते म्हणून दावा लावला. जुलै २०२३मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की ग्राहकाचा आदेश स्पष्ट असेल तर तो पाळणे हेच बँकेचे कर्तव्य. नुकसान कोणी सोसायचे हा धोरणाचा प्रश्न आहे, तो कायदेमंडळाने सोडवावा. तो सोडवलाही गेला. ७ ऑक्टोबर २०२४पासून देशांतर्गत व्यवहारांत फसवून पैसे पाठवायला लावलेल्या ग्राहकाला ८५,००० पौंडांपर्यंत भरपाई मिळते, साधारणपणे पाच कामकाजाच्या दिवसांत. ती पाठवणारी आणि स्वीकारणारी बँक निम्मी-निम्मी देतात. ग्राहकाने घोर निष्काळजीपणा केला असेल तर अपवाद, पण परिस्थितीने दुबळ्या ग्राहकाला तो अपवाद लावायचा नाही. मर्यादा आधी ४,१५,००० पौंड ठरत होती. बँकांच्या विरोधानंतर ती खाली आली.

सिंगापूरने पायऱ्या केल्या. १६ डिसेंबर २०२४पासून तिथे आधी बँकेने आपली ठरलेली कर्तव्ये पाळली का ते पाहतात. पाळली नसतील तर नुकसान तिचे. बँक निर्दोष असेल तर दूरसंचार कंपनीकडे पाहतात. दोघेही निर्दोष असतील तरच भार ग्राहकावर येतो. मात्र ही चौकट बनावट संकेतस्थळांच्या फसवणुकीपुरती आहे. फोनवर बोलून काढून घेतलेली माहिती तीत येत नाही. ऑस्ट्रेलियाने २०२५मध्ये केलेल्या कायद्यात बँका आणि दूरसंचार कंपन्यांबरोबर समाजमाध्यमांसारख्या डिजिटल मंचांवरही कर्तव्ये टाकण्याची तरतूद केली.

तिन्ही उत्तरे वेगळी आहेत, पण प्रश्न तिघांचा सारखाच: कोणाला थांबवता आले असते?

आक्षेप आणि त्यांची बाजू

बँकांचे आक्षेप उडवून लावण्यासारखे नाहीत. भरपाई हमखास मिळणार असेल तर लोक बेफिकीर होतील, हा पहिला. यात तथ्य थोडेच आहे, कारण तीन दिवसांची दहशत आणि बुडालेली ठेव कोणी हौसेने ओढवून घेत नाही. तरी काही भार ग्राहकावर ठेवायला हरकत नाही. दुसरा आक्षेप, लबाड ग्राहक आणि भामटे संगनमत करून बँकेलाच लुटतील. हा धोका खरा आहे आणि त्यासाठी चौकशीची मुदत व मर्यादा हव्यात. तिसरा, भरपाईचा खर्च शेवटी सर्व खातेदारांवरच पडेल. पडेल, पण आज तोच खर्च एकेका घरावर पूर्णच्या पूर्ण पडतो. विम्याचे तत्त्व याहून वेगळे काय असते?

चौथा आक्षेप सर्वांत गंभीर आहे. पहारा कडक झाला की निरपराध माणूसही अडतो. चोरीच्या साखळीतले पाचशे रुपये यूपीआयवरून भाजीवाल्याच्या खात्यात आले म्हणून त्याचे सारे खाते गोठते आणि दुसऱ्या राज्यातल्या पोलीस ठाण्याशी त्याला पत्रव्यवहार करावा लागतो, असे आजही घडते. म्हणून संशयित रकमेपुरतीच गोठवणी, आणि ती उठवण्याची ठरावीक मुदत, ही कडक पहाऱ्याची पहिली अट असली पाहिजे.

दार बदलले की चोरी थांबते

जबाबदारी वाटण्याचा हेतू फक्त भरपाई हा नसतो. ज्याला तोटा सोसावा लागतो, तोच कुलूप बदलतो. यूपीआयमध्ये ‘पैसे मिळवण्यासाठी पिन टाका’ असे सांगून लुटण्याचा प्रकार वर्षानुवर्षे चालला आणि तितकीच वर्षे लोकांना सावधगिरीचे संदेश गेले. अखेर व्यक्ती-व्यक्तींमधील पैसे मागण्याची ती सोयच १ ऑक्टोबर २०२५पासून बंद करण्याचे राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने ठरवले. एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये पैसे पाठवण्याआधी समोरच्याचे नाव पडताळण्याची सोयही रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२५पर्यंत द्यायला लावली. तोवर रक्कम केवळ खाते क्रमांकावरून जमा होत असे, नाव जुळो न जुळो. म्यूल खाती शोधण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने ‘म्यूलहंटर’ ही प्रणाली तयार केली आहे. साधने आहेत, ती न वापरल्याची किंमत अजून बँकेला मोजावी लागत नाही.

म्हणून २०१७च्या परिपत्रकाला तीन जोड हव्यात. धाक किंवा फसवणुकीने घेतलेली संमती हा वेगळा, चौथा कप्पा मानावा. त्यात नुकसानीचा ठरावीक वाटा स्वीकारणाऱ्या बँकेवर यावा. म्यूल खाते सिद्ध झाले तर मोठा वाटा. आणि ज्येष्ठांच्या खात्यातून नव्या खात्यावर जाणारी मोठी रक्कम काही तास थांबवून धरावी आणि खातेदाराने आधीच नेमलेल्या विश्वासू व्यक्तीला तशी खबर जावी.

हे होईपर्यंत हाती असलेली हत्यारे नीट वापरावीत. फसवणूक कळताच १९३० या क्रमांकावर फोन करावा, कारण त्यावरून पैशाचा पुढचा प्रवास अडवता येतो; जुलै २०२५पर्यंत या यंत्रणेने ५,४८९ कोटींहून अधिक रुपये वाचवल्याचे सरकारने सांगितले आहे. बँकेला त्याच दिवशी लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. तक्रारीत २०१७च्या परिपत्रकाचा उल्लेख करून ‘माझा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचा भार आपल्यावर आहे’ हे वाक्य लिहावे. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे विनामूल्य तक्रार करता येते. २०२१च्या योजनेत भरपाईची मर्यादा २० लाख रुपये होती. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येत नाहीत, हे तिथे ठेव ठेवणाऱ्याने लक्षात ठेवावे.

आणि घरात कोणी फसले, तर पहिला प्रश्न ‘असे कसे केलेस?’ हा नसावा. ‘किती वाजता झाले?’ हा असावा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधायला आयुष्य पडले आहे. दुसऱ्याच्या उत्तरावर पैसे वाचण्याची शक्यता अवलंबून आहे.